भाठल्याची खाडी, कर्णिकांची कांस

नारळी पौर्णिमेला जेवायला येताना विश्वंभर कर्णिक दरवर्षी पेढे आणत. या वर्षी त्यांच्या हातात एक जाडजूड अहवाल होता, आणि चेहऱ्यावर असा आनंद, की जणू त्यांचे आजोबा रघुनाथराव पुन्हा भाठला बंदरावर रुजू झाले आहेत.

"वहिनी, ते नारळ राहू द्या आणि जरा बेसा. सरकारदरबारी आपलं नाव आलंय."

शालिनीबाई ओट्यावर विळी ठेवून उभ्यानंच नारळ खवत होत्या. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्या जमिनीवर बसत नसत. "बेसले तर नारळीभात तुम्ही करणार आहात का, भावजी? वाचा, मी ऐकते."

विश्वंभररावांनी चष्मा चढवला. रिफायनरीतून निवृत्त झाल्यावर कर्णिक घराण्याचा इतिहास हीच त्यांची नोकरी झाली होती, आणि या नोकरीत रजा नव्हती. अवंतीनं, म्हणजे पुतण्याच्या मुलीनं, हा अहवाल त्यांना आठवड्यापूर्वी फोनवर पाठवला. त्यांनी तो सगळाच्या सगळा छापून घेऊन बांधणी करून घेतली आणि आपल्याला हवं ते पान शोधून काढलं. गुजरातीतला मजकूर ते तोंडातल्या तोंडात मराठी करत मोठ्यानं वाचू लागले.

"'भाठला बंदराचे तत्कालीन कामदार (अंमलदार) कैलासवासी रघुनाथराव कर्णिक यांच्या कुटुंबातील ज्येष्ठ सदस्या श्रीमती शालिनी कर्णिक यांच्या सांगण्यानुसार, सदर प्रवाह पूर्वापार कांस म्हणूनच ओळखला जातो.' ऐकलंत? रघुनाथराव आले, तुम्ही आलात. मीच तेवढा राहिलो."

विळीचा आवाज थांबला.

"परत वाचा," शालिनीबाई म्हणाल्या.

त्यांनी परत वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्यांचा आवाज जरा उतरला, कारण वहिनींनी नारळाची वाटी परातीत ठेवली होती आणि पदराला हात पुसत त्या सरळ त्यांच्याकडे बघत होत्या.

"हा अहवाल कुणी लिहिलाय?"

"कुणी म्हणजे? आपल्या दिग्विजयनंच. त्या केमिकल कंपनीला भाठल्याला सांडपाणी सोडायचंय ने, तिचं पर्यावरणाचं काम त्याच्याकडे आहे. परवा लोकसुनावणी आहे तिथे. तुम्हाला म्हणाला नाही?"

दिग्विजय म्हणाला नव्हता. पण विचारलं मात्र होतं. शालिनीबाईंना दिवाळीतली ती दुपार लख्ख आठवली. त्या चिवड्याचे पोहे भाजत होत्या, आणि सहा महिन्यांत एकदा स्वयंपाकघरात डोकावणारा मुलगा दाराला टेकून म्हणाला होता, "आई, आपण भाठल्याला काय म्हणायचो गं?" लेकाला जुन्या आठवणी येताहेत म्हणून त्यांचं काळीज सुपाएवढं झालं होतं. "काय म्हणणार? कांसच म्हणायचे सगळे. चला, कांसेवर जाऊ या." तो हसला होता. त्याही हसल्या होत्या. पोहे थोडे करपले होते.

त्या हसण्याचा आता त्यांना संताप आला.

कारण 'कांस' हा शब्द त्यांचा नव्हताच. त्या हर्णैच्या. भरती-ओहोटी बघत वाढलेल्या. लग्नानंतरच्या पहिल्या नारळी पौर्णिमेला सासरची मंडळी भाठल्याला घेऊन गेली, तेव्हा बघता बघता वर चढणारं ते गढूळ पाणी पाहून त्या आनंदानं ओरडल्या होत्या, "अगंबाई, इथेही खाडी!" आणि सासरे भास्करराव पोट धरून हसले होते. "सूनबाई, बडोद्यात राहायचं तर बडोद्याचं शिका. इथे वाहतं ती कांस, साचतं तो तलाव." समा असो, छाणी असो, पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या प्रत्येक नाल्याला बडोदेकर कांस म्हणतात, त्याच हिशेबात भास्कररावांनी आपल्या बापाचं बंदर बसवून टाकलं. थट्टाच ती. पण शालिनी 'खाडी' म्हणाली की जेवणाच्या पंगतीत हशा पिकायचा, नवराही त्यात सामील व्हायचा. दोन-तीन वर्षांत तिनं तो शब्द सोडला. सासरी बायका असल्या पुष्कळ गोष्टी सोडतात, त्यांचा कुणी हिशेब ठेवत नाही. आणि आता तिच्याकडून काढून घेतलेल्या शब्दाच्या जागी दिलेला तो शब्द तिच्याच नावावर सरकारात जमा झाला होता.

"भावजी," त्या म्हणाल्या, "खाडी आणि कांस यांत कायद्यानं काही फरक आहे का हो?"

विश्वंभररावांना माहीत नव्हतं. पण गेटपाशी गाडीचं दार वाजलं, आणि ज्यांना माहीत होतं ती मंडळी सुभानपुऱ्याच्या त्या बंगल्याच्या पायऱ्या चढू लागली.

*

दिग्विजयला ताटावर बसेपर्यंत काहीच कळलं नाही. आईनं दारात विचारपूस केली नाही, हे त्यानं गुडघ्याच्या दुखण्यावर ढकललं. काका पेढ्यांशिवाय आले, हे त्यांच्या मधुमेहावर. बाजूला बायको रसिका, समोर अवंती आणि काका. आई वाढत होती. सगळ्यांच्या पानात नारळीभात पडला, आणि त्याच्या पानाशी येऊन डाव हवेतच थांबला.

"तुला काय वाढू? हा नारळीभात आहे. पण तू खिचडी लिहिलीस तर खिचडीही होईल."

अवंतीनं नजर पानात वळवली. तेवढ्यानंच दिग्विजयला अहवाल घरात कुणी आणला ते समजलं. मुलगी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होती, आणि आठवडाभर त्याच्याशी फक्त 'हो' आणि 'नाही' बोलत होती.

"आई, जेवताना हा डखा नको. तो तांत्रिक अहवाल आहे."

"मला तांत्रिक कळत नाही. तू मला चुलीपाशी गाठून विचारलंस. कशाला विचारतोयस ते सांगितलंस?"

"स्थानिक लोकांच्या मुलाखती घ्याव्याच लागतात. तू जे म्हणालीस तेच लिहिलंय, एक शब्द इकडचा तिकडे केलेला नाही."

"मी आई म्हणून बोलत होते रे! मुलाखत देत नव्हते!"

हा आवाज दिग्विजयनं लहानपणानंतर ऐकला नव्हता. त्यानं मदतीसाठी काकांकडे पाहिलं. काका त्याच्या बाजूचे होते; निदान सकाळपर्यंत तरी असणार.

"वहिनी, जवा द्या ने," विश्वंभरराव पुटपुटले. "मुलानं घराण्याचं नाव तरी छापून आणलं."

"काकाआजोबा," अवंती पहिल्यांदा बोलली, "खाडी असेल तर भरतीचं पाणी पोचतं तिथपासून ठरावीक अंतरात अशी कामं करायला बंदी आहे. सांडपाणी सोडणं तर लांबच राहिलं. कांस म्हणजे पावसाचा नाला. नाला असेल तर तो नियमच लागत नाही. सगळं त्या एका शब्दावर आहे. बाबांनी लिहिलंय, इथे भरती येतच नाही, आणि बंदरवाल्यांच्या घरातली म्हातारी माणसंही याला नालाच म्हणतात."

विश्वंभररावांचा घास हातातच राहिला. गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. शिरली तेव्हा मात्र ती नको तिथे जाऊन बसली.

"नाला? म्हणजे माझे आजोबा काय गटारावरचे अंमलदार होते?"

"काका, तसं नाही..."

"तसंच आहे! अरे, मही आणि ढाढर या दोन नद्यांच्या मुखांच्या मधे खंबायतचा समुद्र बोटासारखा आत शिरलाय, त्याचं नाव भाठला. दिवसातून दोनदा समुद्र आत येतो नि दोनदा परत जातो. पुनवेच्या भरतीला माल लादलेलं गलबत थेट मांडवीच्या, म्हणजे जकातठाण्याच्या, पायरीला लागायचं, आणि ओहोटीला त्याच जागी चिखलात बसून राहायचं. मलबारचे नारळ, मंगळूरची कौलं, दमणचं सागवान तिथे उतरायचं. आपल्याकडचा कापूस तिथून चढायचा. रघुनाथरावांच्या शिक्क्याशिवाय एक गाठ हलत नसे. पुढे रेल्वे आली, कापूस तिकडे गेला. वर महीवर धरणं झाली, गाळ ढकलून नेणारं पुराचं पाणी कमी झालं, खाडी उथळ झाली. गलबतं गेली. पण समुद्र गेला नाही! तो काय तुझ्या कंपनीला विचारून येतो?"

"मग माझे आजोबा, म्हणजे तुमचेच वडील, तिला कांस का म्हणायचे?" दिग्विजयनं शांतपणे विचारलं.

 विश्वंभररावांना आपल्या वडिलांचं ते हसणं आठवलं. पंगतीत वहिनींच्या 'खाडी'वर हसणाऱ्यांत तेव्हाचा वीस-बावीस वर्षांचा विश्वंभरही होता, हेही आठवलं. त्यांनी हळूच वहिनींकडे पाहिलं. वहिनी त्यांच्याकडेच बघत होत्या.

"काम मी घेतलं नसतं तर दुसऱ्या कुणी घेतलं असतं," दिग्विजय म्हणाला. "त्यानं तर काहीच न बघता लिहिलं असतं. मी जानेवारीत तिथे दोन आठवडे उभा होतो. भरतीचं पाणी आढळलं नाही. नाही आढळलं तर नाही म्हणून लिहिलं."

"पुरे," रसिका एकदम म्हणाली. "आई, माणूस ताटावर बसलाय. जे काय बोलायचं ते नंतर बोला."

सगळ्यांना वाटलं, ती नवऱ्याच्या बाजूनं बोलली. दिग्विजयलाही तसंच वाटलं आणि त्याला बरं वाटलं. रसिकाला मात्र स्वतःचा राग आला. काल समा भागातल्या स्वतःच्या घरी तिनं याच माणसाला याच अहवालावरून धारेवर धरलं होतं. पण सासरच्या पंगतीत नवऱ्याची लाज राखायची सवय तिच्या अंगात इतकी मुरली होती, की तोंड आपोआप उघडलं. आपल्या पोटच्या मुलीनं वर पाहिलं, आणि त्या नजरेत नवल नव्हतं. हे रसिकाला फार लागलं.

शालिनीबाईंनी दिग्विजयच्या पानात नारळीभात वाढला. वर तूपही वाढलं.

"जेव. जेवण झालं की कांसेवर जाऊ या. आज पूनव आहे, नारळ सोडायचाय. गेल्या वर्षी माझ्या गुडघ्यापायी बादलीत सोडला होता, तसला यंदा चालणार नाही."

*

पादऱ्याच्या रस्त्यानं गाडी दिग्विजय चालवत होता. पुढच्या सीटवर विश्वंभरराव, मागे तिघी, आणि शालिनीबाईंच्या मांडीवर हळदकुंकू लावलेला सोललेला नारळ.

या नारळाचा कर्णिकांच्या घरी एक रिवाज होता, आणि तो गाडीतल्या प्रत्येकाला पाठ होता. सगळीकडे नारळ समुद्राला देतात, तो समुद्रात जातो. भाठल्याला मात्र ऐन भरतीत पायरीवरून सोडलेला नारळ आत, जमिनीकडे जातो. रघुनाथराव म्हणत, बंदराचा नारळ बडोद्याला निघाला. घरातली मुलं काठाकाठानं त्याच्याबरोबर धावत. पाण्याचं वळण येईपर्यंत जो पुढे राहील, त्याला नारळीभाताची पहिली मूद. दिग्विजयनं ती मूद लागोपाठ किती वर्षं खाल्ली होती, त्याची गणती नव्हती. रसिकाला हे लग्न ठरताना सांगितलं गेलं होतं, अगदी मुलाच्या डिग्रीसारखं.

पक्का रस्ता संपला, गांडा बावळची, म्हणजे वेड्या बाभळीची, झुडपं संपली, आणि खारट माळ सुरू झाला. मांडवी दिसली. जकातीचं ते दगडी ठाणं आता नुसत्या भिंतींचं उरलं होतं, पण पायऱ्या शाबूत होत्या आणि गलबतं बांधायच्या लोखंडी कड्याही. पायरीवर चिखलानं पाय माखलेली एक बाई रिकामी टोपली घेऊन बसली होती. जशीबेन माछी. दरवर्षी या दिवशी ती इथे भेटायचीच, ओहोटीच्या चिखलातले लेवटे मासे पकडून विकणं हा तिचा धंदा.

"बेन, नारियेळ लाव्या?" ती उठत म्हणाली. "पण पाणी क्यां छे हवे?"

पाणी कुठे आहे ते बघायला शालिनीबाईंनी पायरीखाली पाहिलं. पाणी होतं, पण पावसाचं साचलेलं, शेवाळलेलं. लेवटा मासा त्यात दिसत नव्हता. एका काडीलाही हलवेल इतका त्यात जीव नव्हता. ऐन भरतीची वेळ होती आणि वरून चौथी पायरी, जिच्यावर आजच्या दिवशी उभं राहवत नसे, ती ठणठणीत कोरडी होती.

"दिग्विजय, घरातला कर्ता तू. सोड नारळ."

तो उतरला. त्यानं नारळ सोडला. नारळ बुडाला, वर आला, आणि त्याच्या बुटांसमोर जागच्या जागी तरंगत राहिला. कुणीही धावलं नाही. धावायला तो कुठे निघालाच नव्हता.

"बघ आई," दिग्विजय म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखीचा वाटला नाही. "मी खोटं लिहिलं नाही."

तेव्हा जशीबेननं टोपली काखेला मारून खाली, समुद्राच्या बाजूला बोट दाखवलं. हिवाळ्यातच पाण्याची वाट बंद केली की, ती आपल्या भाषेत म्हणाली. ट्रक जायला हवेत म्हणून मुरूम टाकून बांध घातला. तेव्हापासून आत पाणी नाही, लेवटा नाही, काही नाही. आणि मग दिग्विजयकडे बघून अगदी सहज, "साहेबने तो खबर छे. साहेब त्यांज तो ऊभा हता." साहेबांना ठाऊक आहे, ते तिथेच तर उभे होते.

*

बांध फार लांब नव्हता. पण तिथवर चालत जाताना शालिनीबाईंनी कुणाचा हात धरला नाही.

दिग्विजय मागून येत होता आणि मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता. बांध तात्पुरता असल्याचं त्याला सांगण्यात आलं होतं. मुखाकडचा भाग त्याच्या कामाच्या कक्षेत नव्हता. मोजमापाची ठिकाणं कंपनीनं आखून दिली होती, आणि ती सगळी बांधाच्या आत होती. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. तरी त्यांतलं एकही त्याच्या तोंडून बाहेर पडेना, कारण बांधाच्या पलीकडून आवाज येत होता. तो आवाज त्यानं जानेवारीतही ऐकला होता, आणि गाडीची काच वर केली होती.

बांधावर चढल्यावर सगळेच थांबले. पलीकडे खाडी होती. तांबूस, फुगलेली, काठोकाठ भरत चाललेली, तिवरांच्या शेंड्यांपर्यंत चढलेली. समुद्र पुनवेला येतो तसाच आला होता, आणि मुरुमाच्या ढिगाऱ्याला धडका देत होता. इकडे डबकं, तिकडे दर्या, मधे बारा हातांचा रस्ता.

"तुला हे दिसलं नाही?" शालिनीबाईंनी विचारलं.

"दिसलं."

"दिसलं, आणि लिहिलंस की भरती येत नाही?"

"मोजमापाच्या ठिकाणी येत नव्हती, आई."

"अरे, माणसाचं नाक दाबून धरायचं, आणि मग याला श्वास येत नाही म्हणून लिहून द्यायचं? आणि खाली सही कुणाची, तर आईची!" त्यांचे डोळे भरून आले, ते दुःखानं कमी आणि चिडून जास्त. "तुझ्या आजोबांनी माझा शब्द काढून घेतला, तो हसण्यावारी. मी सोसलं, घरातली गोष्ट घरात राहिली. तू तर त्याच्यावर कारखाना बांधायला निघालास. ही जशी उद्या काय पकडणार? साबणाचा फेस?"

"वहिनींचं चुकत नाही, दिग्विजय," विश्वंभरराव म्हणाले. मग त्यांनी आयुष्यात फार थोड्या वेळा केलेली एक गोष्ट केली. "हसणाऱ्यांत मीही होतो, वहिनी. आमचं चुकलं. खाडी तर खाडीच होती."

 रसिका नवऱ्याच्या शेजारून निघाली आणि सासूच्या शेजारी जाऊन उभी राहिली. दिग्विजयनं ते पाहिलं.

अवंतीनं येताना डबक्यातून तो नारळ उचलून आणला होता. शालिनीबाईंनी तो तिच्या हातून घेतला, शेवाळ पदरानं पुसलं, आणि समुद्राच्या बाजूला टाकला. लाटेनं तो उचलला आणि आणून बांधावर आपटला. मागे गेला, पुन्हा आला, पुन्हा आपटला. त्याला आतच यायचं होतं. इतकी वर्षं तो आतच आला होता.

"थांब, मी त्याला उचलून आत सोडते," असं म्हणत अवंती बांधाच्या उतारावरून खाली निघालीसुद्धा. नारळ दोन हातांवर होता. तिनं एक पाय चिखलात टाकला, तो गुडघ्यापर्यंत गेला. दुसरा टाकला, तोही गेला. पाणी तिच्या मांड्यांपर्यंत होतं, आणि पुढची लाट आली तेव्हा कमरेपर्यंत. ती हसत वळायला गेली, आणि तिचं हसणं थांबलं, कारण पाय निघेना.

"अवंती!" दिग्विजय ओरडला, आणि बूट, पँट, कशाचाही विचार न करता उतारावरून घसरत निघाला. "वर ये! मागे हो! अगं खाडी भरतेय! खाडी भरतेय, दिसत नाही का तुला!"

त्यानं तिला काखेत धरून उपटून काढलं. दोघं मुरुमावर पालथी पडली आणि खरचटत वर आली. अवंतीची एक चप्पल चिखलातच राहिली. दिग्विजयनं दोन्ही हात मुलीच्या दंडांवरून काढले नाहीत. कितीतरी वेळ त्याला कळलंच नाही, की सगळे त्याच्याकडे का बघताहेत.

मग कळलं.

"काय म्हणालास?" विश्वंभररावांनी विचारलं.

 खाली नारळ बांधावर आपटत होता.

शालिनीबाई जवळ आल्या. पदराच्या कोरड्या टोकानं त्यांनी आधी नातीचं तोंड पुसलं, मग मुलाचं. लहानपणी पुसत तसंच, जरा जोरात.

"परवा सुनावणीला मी येणार आहे," त्या म्हणाल्या. "तू आधी उठून खरं बोललास तर मी तोंड उघडणार नाही. नाहीतर मला विचारतील, बाई, तुमच्या घरात याला काय म्हणतात. तू माझं चुलीपाशचं बोलणं सरकारला सांगितलंस ना? मग मीही सांगेन, माझा मुलगा पोरीच्या जिवावर बेतलं तेव्हा काय ओरडला ते. एक शब्द इकडचा तिकडे करणार नाही."